यंत्राची विश्रांती

"टॉर्च जरा खाली घ्या, अक्का. माझ्या डोक्यावर नको, मशीनच्या पाठीवर."

जोकिम टेबलाखाली पालथा पडला होता. त्याचे पाय तेवढे बाहेर होते. नेत्रावती भट गुडघ्यांवर बसून टॉर्च धरत होत्या. मुहूर्तासाठी नेसलेल्या रेशमी साडीचा काठ धुळीत लोळत होता, तो उचलून घ्यायचंही त्यांना सुचत नव्हतं. कॉम्प्युटरच्या मागून अजून जळका वास येत होता आणि त्यात कालच्या झेंडूचा वास मिसळला होता.

सुपारी बागायतदारांची ती सोसायटी. नवमीला आयुधपूजा करून वजनकाटा, टायपरायटर, कॉम्प्युटर, जनरेटर, सगळ्यांना विश्रांती द्यायची आणि दशमीला सकाळी मुहूर्तावर पहिली नोंद करायची, ही तिथली रीत. पूजा नेत्रक्कांच्याच हातची. त्या नोकरीला लागल्यापासून ते ठरूनच गेलं होतं. मुहूर्ताची नोंदही त्यांनीच करायची. पण आज घरी नवरात्राचं पारणं होतं, त्यांना यायला जरा उशीर झाला. मुहूर्त टळायला नको म्हणून सेक्रेटरी विघ्नेश्वर हेगडे स्वतः खुर्चीत बसले आणि त्यांनी यूपीएसचं बटण दाबलं. फट् असा आवाज झाला. मशीनच्या पाठीतून पांढरा धूर निघाला. नेत्रक्का पायऱ्या चढत होत्या, त्यांनीही तो आवाज ऐकला.

त्या वेळी गावात वीज नव्हती. जनरेटर चालू होता. त्यामुळे दोष कुणाचा, याचा कुणालाच फार विचार करावा लागला नाही.

जोकिम कॉम्प्युटर दुरुस्त करायला सिरसीहून मोटरसायकलवर आला होता. आल्या आल्या त्याने भिंतीतल्या सॉकेटमध्ये टेस्टर घालून पाहिला. यूपीएसला टेबलावरचा दिवा लावून पाहिला, तो लागला. प्रिंटरची वायर काढून कॉम्प्युटरला जोडली. काही झालं नाही.

"वायर चांगली, यूपीएस चांगला," तो म्हणाला. "आजार पोटात आहे."

"लिंबू ठेवलं होतं ना रे समोर?" कॅशियर शानभाग म्हणाले. "लिंबाचा उतारा उलटा बसला म्हणायचा."

"लिंबाला बोलू नका. ते बिचारं जागेवर आहे," जोकिम म्हणाला आणि टेबलाखाली शिरला.

नेत्रक्कांच्या मनात एक प्रश्न सकाळपासून घोळत होता. मागचं बटण तर काल आपण बंद केलं होतं, मग वीज आत गेलीच कशी? मागे एकदा मशीन अडून बसलं होतं तेव्हा जोकिमनेच फोनवरून सांगितलं होतं, मागचं बटण बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा. काल पूजा करताना त्यांना ते आठवलं. यूपीएस बंद केला होता, तरी तेवढ्याने मशीनला पुरती विश्रांती मिळाली असं त्यांना वाटेना. हात मागे घालून त्यांनी चाचपून पाहिलं. एक बारीक बटण बोटाला लागलं, आत बसलेलं. ते सरकेना, म्हणून केसातला आकडा काढून त्याने सरकवलं. मग त्याच बोटाने तिथे कुंकू लावलं. जिथून शक्ती आत येते तिथे लावावं, एवढाच त्यामागे भाव. हे सगळं जोकिमला विचारावं म्हणून त्या तोंड उघडणार होत्या.

तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात त्यांना दिसलं.

वायर जिथे जोडतात त्याच्या शेजारी एक मोठं काळं बटण होतं. ते चालू होतं. त्याच्या खाली पत्र्याच्या खाचेत एक छोटं लाल बटण होतं आणि त्याच्यावर पांढरे आकडे होते. त्या आकड्यांत कुंकू भरलं होतं. खाचेच्या कडेला केसातल्या आकड्याचा ताजा ओरखडा होता.

जोकिमचा हात थांबला. त्याने मान वळवून वर पाहिलं, नेत्रक्कांच्या हाताकडे. मग अंगठ्याने त्याने ते कुंकू पुसलं, पुन्हा एकदा नीट पुसलं, पेचकसाच्या टोकाने लाल बटण दुसऱ्या बाजूला सरकवलं आणि अंगठा पँटला पुसला.

"टॉर्च हलतेय, अक्का," तो हळू म्हणाला.

मशीन टेबलावर काढून त्याने त्याची एक बाजू उघडली. शानभागांकडून कागदाची क्लिप मागून घेतली, ती सरळ केली आणि जाड वायरींच्या गुच्छातल्या हिरव्या आणि काळ्या भोकांत तिची दोन टोकं खुपसली. "पॉवर सप्लाय जिवंत असला तर त्याचा पंखा फिरतो," तो म्हणाला. पंखा फिरला नाही.

"काय झालं?" हेगडेंनी विचारलं.

"पॉवर सप्लाय गेला. वीज जास्त गेली आत."

"बघा!" हेगडे सगळ्यांकडे वळले. "मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय? केरियप्पा! ये इकडे."

केरियप्पा नाईक दारातच उभा होता. सोसायटीचा रखवालदार तोच, झाडू त्याचाच, आणि जनरेटरही त्याचाच. खांद्यावरचा पंचा त्याने हातात घेतला होता. उंबऱ्याच्या आत तो आला नाही.

"जनरेटर स्थिर व्हायच्या आधी लाईनची दांडी ओढलीस ना?"

"नाही, ओडेया." हेगडेंना तो असंच म्हणे, धनी या अर्थी. "इंजिनाचा आवाज बसल्यावरच सोडली लाईन."

"आवाज बसल्यावर! कान फुटलेत तुझे. उद्यापासून लिलाव सुरू, लोक सुपारी घेऊन येणार, आणि इथे काय, पाटीवर लिहू आम्ही?"

"नेहमी ऐकतो तसंच ऐकलं, ओडेया."

"पुन्हा तेच. आजपासून जनरेटरला हात लावायचा नाहीस. सोमवारी मीटिंगमध्ये ठेवतो तुझा विषय. म्हातारपणी झेपत नाही तर सांगावं माणसाने."

केरियप्पाने पंच्याची घडी केली, पुन्हा उलगडली. नेत्रक्का टेबलाजवळ उभ्या होत्या. आता बोलायचं, एवढं वाक्य संपलं की बोलायचं, असं त्या मनाशी म्हणत होत्या. हेगडेंचं वाक्य संपलं. दुसरं सुरू झालं, तेही संपलं. केरियप्पा पायऱ्या उतरून गेला.

हातातली टॉर्च अजून जळत होती. त्यांनी ती बंद केली.

जोकिम निघाला तेव्हा त्या त्याच्यामागे अंगणात गेल्या. मोटरसायकलच्या कॅरियरवर तो पॉवर सप्लायचा जळका डबा दोरीने बांधत होता.

"जोकिम, ते लाल बटण..."

"ते बंद-चालू करायचं नसतं, अक्का." त्याने दोरीला गाठ मारली. "काही देशांत वीज निम्म्या दाबाची असते. तिकडे नेलं तर ते सरकवायचं. इथे सरकवलं की डब्याला वाटतं थोडीच येणार आहे, म्हणून तो तोंड मोठं उघडून बसतो. आणि आपली आली की फुटतो."

"जनरेटरमुळे नाही मग."

"मधे यूपीएस असताना जनरेटर काय करणार? पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी कुणाला सांगत नाही. माझी आई आजारी होती तेव्हा तुम्ही डबा पाठवायचात, ते मी विसरलो नाही."

"आणि केरियप्पा?"

जोकिमने किक मारली. "त्याचं काय? त्याला ओरडा खायची सवय आहे," तो म्हणाला, अगदी चांगल्या मनाने.

त्या संध्याकाळी नेत्रक्का देवीपुढे बसल्या. एक नाव, एक चिमूट, असं त्यांचं रोजचं कुंकुमार्चन. पारणं झालं तरी ते चुकायचं नाही. चिमूट उचलली, नाव उच्चारलं, कुंकू वाहिलं. पुन्हा उचलली. बोटाचं टोक लाल झालेलं दिसलं आणि पुढचं नाव येईना. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं. पहिल्या नावापासून सुरुवात केली, पुन्हा त्याच जागी अडलं. शेवटी त्यांनी पोथी उघडून वाचत अर्चन पुरं केलं.

"आज पोथी?" बागेतून आलेल्या त्यांच्या यजमानांनी, भटांनी, पाय धुताना विचारलं.

"डोळे जड झालेत," त्या म्हणाल्या. देवापुढून उठता उठता हेही आपण खोटंच बोललो, हे त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी जोकिम नवा पॉवर सप्लाय घेऊन आला. लिलावाला आलेले लोक ओसरीवर पोत्यांना टेकून बसले होते, शानभाग हाताने पावत्या फाडत होते. डबा बसवून बटण दाबलं तसा पंखा फिरू लागला. सगळे खूष झाले. पण पडदा काळाच राहिला आणि मशीन लांब लांब सूर काढून ओरडायला लागलं.

"हे काय आणखी?" हेगडे म्हणाले.

"ओरडतंय म्हणजे चांगलं आहे. दुखतंय कुठे ते सांगतंय. गप्प बसलं असतं तर घाबरायचं." जोकिमने आतली मेमरीची पट्टी काढली, शानभागांचं खोडरबर घेतलं आणि पट्टीचे सोनेरी दात घासले. "हलवाहलवीत जागचं सुटलं असेल." पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवली. मशीन एकदाच बारीक ओरडलं आणि पडदा उजळला. पांढरी अक्षरं आली आणि थांबली.

"तारीख विचारतंय," जोकिम म्हणाला. "आतला छोटा सेलही गेला होता, तो बदलला. आता ते स्वतःला जन्मलं त्या वर्षाचं समजतंय. घाला अक्का, तुमच्याच हाताने घाला."

"सुखी आहे बिचारं," शानभाग हसले. "कालचं काही आठवत नाही."

नेत्रक्कांनी तारीख घातली. दोनदा चुकली, दोनदा पुसली. खिडकीतून त्यांना जनरेटरची शेड दिसत होती. तिच्या दाराला कडी होती. केरियप्पा अंगण झाडत होता. झाडता झाडता शेडपाशी आला की तिथला कचरा लांबूनच ओढून घेत होता, दाराला पाठ करून.

वीज गेली तेव्हा हेगडेंनी शानभागांना पाठवलं. शानभागांनी हँडल फिरवून फिरवून घाम गाळला. इंजिन दोनदा खोकून थांबलं. "उद्या मंगळूरहून माणूस आणा," असं म्हणत ते परत आले, आणि सगळे वीज येईपर्यंत बसून राहिले. केरियप्पा पलीकडे नारळाच्या आळ्यात पाणी घालत होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, त्यानेही इकडे पाहिलं नाही.

सोमवारी नेत्रक्का लवकर आल्या. ऑफिसचं कुलूप केरियप्पाने उघडलं होतं. त्या खुर्चीत बसल्या तशी उंबऱ्याबाहेर तो येऊन उभा राहिला.

"अम्मा, एक सांगायचं होतं."

"सांग."

"तुमचं मशीन माझ्यामुळे गेलं. त्या दिवशी मी नाही म्हणालो. माझंच चुकलं असणार." तो पंच्याच्या टोकाशी चाळा करत होता. "इंजिन सुरू झालं की आधी आवाज धावतो, मग बसतो. मशेरी लावून माणूस गप्प बसतो ना, तसा. तो बसला की मी लाईन सोडतो. घड्याळ नाही, काटा नाही. कानावरच इतकी वर्षं चाललं. मला तर त्या दिवशीही बसलेलाच ऐकू आला. म्हणजे कानच गेले. परवा सिरसीला जाऊन आलो कानाच्या डॉक्टरकडे."

"काय म्हणाले ते?"

"ठीक आहे म्हणाले. पण त्यांना काय माहीत, अम्मा? त्यांनी काय जनरेटर ऐकवला नाही मला. कानाशी एक घड्याळ धरलं आणि विचारलं, ऐकू येतं का? येतं म्हटलं." तो जरा हसला. "घरी बायको बोलते तेही बरोबर ऐकतो की नाही, आता कळेनासं झालंय. तिला दोनदा विचारतो. आज मीटिंगमध्ये मीच सांगतो, मला मोकळं करा. त्यांनी काढण्यापेक्षा ते बरं. तुमची पूजा होती, मुहूर्त होता, तो मोडला. ते मनातून जात नाही, म्हणून तुम्हाला आधी सांगितलं."

नेत्रक्का उभ्या राहिल्या.

"केरियप्पा, तुझे कान चांगले आहेत."

"डॉक्टर तसंच म्हणाले, पण..."

"ऐक माझं. जनरेटरने काही झालं नाही. मशीन मी मोडलं." आणि त्यांनी सांगितलं. काळं बटण, लाल बटण, केसातला आकडा, कुंकू. जोकिमने पुसलं तेही. "त्या दिवशी हेगडे तुला बोलत होते तेव्हा मला सगळं कळलं नव्हतं. पण माझा हात लागला होता एवढं दिसलं होतं. मी गप्प राहिले."

केरियप्पाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. टेबलाखालच्या मशीनकडे पाहत राहिला.

"हे तुम्ही मला सांगितलंत," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"ते सगळे होते तेव्हा नाही सांगितलंत."

"नाही सांगितलं. आज सगळ्यांसमोर सांगते."

तो पायऱ्या उतरून गेला. रागावला की काय, ते त्यांना कळलं नाही. रागावला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

अकराच्या सुमारास मीटिंग जमली. चहा आला. संचालक मंडळी खुर्च्यांत टेकली. पहिला विषय निघायच्या आधीच नेत्रक्का उठून उभ्या राहिल्या आणि जे सकाळी सांगितलं तेच, त्याच क्रमाने, पुन्हा सांगितलं. काही गाळलं नाही. आता काय ऐकावं लागेल याची त्यांनी मनाची तयारी केली होती. कान फुटलेत का, झेपत नाही का, हेच शब्द आपल्यालाही यावेत, असं त्यांना वाटत होतं.

हेगडे हसले.

"एवढंच ना, अक्का? मी घाबरलो, म्हटलं राजीनामा देताय की काय."

"देवाचं करताना झालं," एक म्हातारे संचालक म्हणाले. "त्यात चूक कसली? भक्ती जरा जास्त झाली."

"मशीनने प्राण सोडला तो कुंकू लावून घेऊन," शानभाग म्हणाले. "सवाष्ण गेलं." सगळे हसले. चहावाल्या बाईने नेत्रक्कांच्या हातात कप दिला. "बसा अक्का, बसा. किती मनाला लावून घेतलंत," असं कुणीतरी म्हणालं.

त्या बसल्या नाहीत. "केरियप्पाला आत बोलवा. त्याला सांगा."

"त्याला? सांगू की. नंतर सांगतो मी." हेगडेंनी कागद पुढे ओढला. "त्याचा विषय काढून टाकला, झालं. हं, पुढचा विषय, गोदामाचं छप्पर."

इतक्या सहज सगळं मिटलं. त्यांच्या वाट्याला एक कठोर शब्द आला नाही. हातातल्या कपातला चहा गरम होता आणि त्यांना तो कुठे ठेवावा ते कळेना. सगळ्यांनी इतक्या मायेने क्षमा केली होती. तीच माया शेडपर्यंत का पोचत नाही, असं आज त्यांना पहिल्यांदाच वाटलं. आपण इतकी वर्षं त्याच मायेत सुखाने बसलो होतो, हेही कळलं.

पंखा मंदावला. वीज गेली. यूपीएस टिकटिकू लागला.

"केरियप्पा!" हेगडे जागेवरूनच ओरडले, मधे काही घडलंच नाही अशा सुरात. "जनरेटर!"

बाहेरून आवाज आला नाही. हेगडेंनी पुन्हा हाक मारली. "अरे, चालू कर म्हणतो ना. काही नाही झालं तुझ्यामुळे, अक्कांनी सांगितलं सगळं. चल, लवकर."

नेत्रक्कांनी कप टेबलावर ठेवला आणि त्या बाहेर पडल्या.

जनरेटरच्या शेडमध्ये त्या कधी गेल्या नव्हत्या. आयुधपूजेला त्या सोवळ्यात असत, शेडमध्ये डिझेल आणि तेलाचा चिखल. हळदकुंकू, फुलं, लिंबू केळीच्या पानावर ठेवून ते पान त्या पायरीपाशी आणून देत. पुढचं केरियप्पा करी. आज शेडची कडी काढलेली होती. त्या पायरी उतरून आत गेल्या. इंजिनाच्या काळ्या अंगावर कुंकवाचा मोठा टिळा होता. जरा वाकडा, पण तेल पुसून, जागा स्वच्छ करून लावलेला. लिंबू चाकाखाली वाळत पडलं होतं.

केरियप्पाने त्यांना पाहिलं. खाली वाकून हँडल बसवलं, दोन्ही हातांनी फिरवलं, मग जोर लावून आणखी फिरवलं. इंजिनाने श्वास घेतला आणि जोर धरला. पत्र्याची शेड थरथरू लागली. आवाज धावत सुटला. कानात दुसरं काही उरलं नाही.

तो भिंतीपाशी गेला आणि दांडीला हात घातला. ती वर ओढली की ऑफिसमध्ये दिवे लागणार होते. तो थांबला. मान एका बाजूला कलती करून ऐकू लागला. नेत्रक्काही ऐकू लागल्या. आवाज धावत होता. मग, त्यांना वाटलं, जरा बसला. की नाही बसला? त्यांना कळेना.

"बसला का, अम्मा?" केरियप्पाने मोठ्याने विचारलं.

"तुला कळतं, केरियप्पा. तूच ऐक."

"मला बसल्यासारखा वाटतोय." त्याचा हात दांडीवर होता, पण बोटं आवळलेली नव्हती. "पण तेव्हाही वाटला होता."

"तेव्हाही बरोबरच होतं. मी सांगितलं ना तुला."

"सांगितलंत," तो म्हणाला.

ऑफिसमधून हेगडेंच्या हाका पुसट येत होत्या. इंजिन एका लयीत चाललं होतं, कधीचंच, कदाचित. केरियप्पा दांडी धरून तसाच उभा होता, आणि ऐकत नव्हता. नेत्रक्कांच्या तोंडाकडे पाहत होता, त्या हो म्हणतात का ते बघत.